प्रेरणा कमी असल्याचा दाखला

महाविद्यालयात नव्याने दाखल होणाऱ्या विद्यार्थ्याची प्रेरणा कमी असते. हा शोध कोणी लावला ते कळायला मार्ग नाही. पण परिपत्रकात तसे स्पष्ट म्हटलेले आहे आणि परिपत्रकावर जावक क्रमांक आहे, तेव्हा शंकेला जागा उरत नाही. ही कमी असलेली प्रेरणा महाविद्यालयाने सात दिवसांत वाढवायची, किती वाढली ते मोजायचे आणि वाढीचा आलेख दर्शनी भागात लावायचा, अशी योजना होती. योजनेत चूक काढण्यासारखे काही नव्हते. चूक निघाली ती धामणगाव बढ्याच्या संजीवनीत.

संजीवनी ही रंगरावांची थोरली मुलगी. रंगराव मिरची आणि वांगी लावतात. मिरचीच्या पानांवर दर वर्षी भुरी पडते, म्हणजे कोणी पीठ भुरभुरावे तशी पांढरी पूड दिसते आणि मग पाने गळतात. संजीवनीने सहावीत असताना गुरुजींना विचारले होते, की ही पूड जिवंत असते का. गुरुजी म्हणाले, सूक्ष्मदर्शकातून बघितले म्हणजे कळते. सूक्ष्मदर्शक कपाटात होता आणि कपाटाची किल्ली बदली होऊन गेलेल्या मुख्याध्यापकांबरोबर सिंदखेडराजाला गेली होती. बारावीला प्रात्यक्षिके झाली, पण ती वहीत झाली. तेव्हा कॉलेजात जायचे आणि एकदा त्या नळीतून आपल्या डोळ्यांनी बघायचे, एवढेच पोरीच्या मनात होते. डॉक्टर व्हायचे, कलेक्टर व्हायचे असले काही ती बोलत नसे, त्यामुळे गावातली शहाणी माणसे तिला जरा कमीच समजत.

तिने बुलढाण्याच्या एका महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. महाविद्यालयाचे नाव संस्थापकांच्या तीन पिढ्यांची नावे जोडून तयार केलेले असल्याने जागेअभावी येथे देता येत नाही. पहिल्या दिवशी पहाटेच्या एसटीत बसवताना रंगरावांनी तिला एकच गोष्ट बजावली.

"बाई, फारम भरतानी हात आखडू नोको. जे जे इचारलं ते पुरं भरजो. अर्धा भरला का ते लोकं वापस करतात."

रंगरावांचा हा सल्ला आयुष्यभराच्या अनुभवातून आला होता. पीकविम्याचा अर्ज, ठिबकचा अर्ज, विहिरीचा अर्ज, सगळे अर्ज एखादी जागा रिकामी राहिली म्हणून परत आले होते.

महाविद्यालयात पोचताच तिच्या हातात प्रपत्र 'प्रे-१' पडले. त्यात दहा विधाने होती. 'मला शिकण्याची आवड आहे.' 'मला प्रश्न पडतात.' 'मी सकाळी उत्साहाने उठतो/उठते.' प्रत्येकापुढे शून्य ते दहा यांपैकी आकडा लिहायचा होता. संजीवनीने विधाने दोनदा वाचली. शिकण्याची आवड होतीच. प्रश्न तर पडतच होते. सकाळी ती साडेचारला उठली होती, भाकरी बांधून घेतली होती आणि राजूर घाटात बसमधल्या सगळ्या माना पडल्या तेव्हा ती एकटी जागी होती. तिने प्रत्येक ठिकाणी दहा लिहिले, खाली सही केली आणि जागा कुठे रिकामी राहिली नाही ना, ते तपासून घेतले.

शेजारी दीपमाला नावाची मोताळ्याची मुलगी बसली होती. तिने संजीवनीच्या कागदात डोकावून पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"येडी हायेस का वं? मी तं दोन-दोन टाकले."

"काऊन? तुले आवड नाई?"

"आवड गेली चुलीत. सात दिवसानं पुन्हा हाच फारम भराचा हाये. तवा नऊ-नऊ टाकाचे. पह्यले रडाचं, मंग हसाचं. क्लासवाल्यानं बारावीतच शिकवलं मले हे."

संजीवनीला तिची दया आली. त्या वयात अशी चुकीच्या माणसाची दया येते.

मग प्रेरणा सप्ताह सुरू झाला. या सात दिवसांत तास झाले नाहीत, कारण सगळे प्राध्यापक मुलांना सभागृहात नेऊन बसवण्याच्या आणि सभागृहातून पळून जाऊ न देण्याच्या कामात होते. व्यासपीठावर पुण्याहून आलेले आल्हाद सर होते. हे स्वतःला 'जीवन-शिल्पकार' म्हणवतात. कानापासून ओठापर्यंत वाकलेला माईक, पांढरे बूट, आणि एका जागी अर्ध्या मिनिटाच्या वर न थांबण्याची सवय.

"फ्रेंड्स! एनर्जी कमी पडतेय! सगळ्यांनी उभं राहा, मुठी वळा आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत आवाज गेला पाहिजे. मी करू शकतो!"

"मी करू शकतो!" सहाशे मुले ओरडली. सभागृहाच्या पत्र्यावरची कबुतरे उडाली.

"अजून मोठ्याने!"

"मी करू शकतो!"

हे पंधरा मिनिटे चालले. कबुतरे परत यायची नाहीत हे नक्की झाल्यावर आल्हाद सरांनी घाम पुसला आणि विचारले, "एनी क्वेश्चन?" हे फक्त विचारायचे असते, हे सहाशे मुलांपैकी पाचशे नव्याण्णवांना माहीत होते. संजीवनी उठून उभी राहिली.

"सर, काय करू शकतो?"

"म्हणजे?"

"नाही, आपण इतक्या खेप म्हटलं का मी करू शकतो. तं काय करू शकतो, ते राहून गेलं."

आल्हाद सर हसले, पण माईक हसला नाही. त्यातून नुसता श्वास ऐकू आला. मग ते म्हणाले, "मी या बहिणीसाठी एक जोरदार टाळी मागतो." टाळी पडली. पाठीमागे उभ्या असलेल्या शिक्षकाने तिचा हजेरी क्रमांक टिपून घेतला.

सातव्या दिवशी 'प्रे-२' आले. तीच दहा विधाने. संजीवनीने पुन्हा दहा-दहा लिहिले, कारण सप्ताहानंतरही तिची आवड टिकून होती. एवढा मार खाऊनही टिकली, याचे खरे तर कोणीतरी कौतुक करायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर प्रात्यक्षिकाच्या तुकड्या लागल्या. दीपमाला 'अ' तुकडीत होती. संजीवनीचे नाव 'अ'त नव्हते, 'ब'त नव्हते, कुठेच नव्हते. ती कार्यालयात गेली. खिडकीमागे शरयू मॅडम बसल्या होत्या. वीस वर्षांची नोकरी आणि संगणकाशी जन्माचे वैर असलेल्या या बाईंनी तिचा क्रमांक टाकला आणि चष्मा वर केला.

"अगं, आधी शंभर, नंतरही शंभर? मग वाढ किती झाली?"

"शून्य."

"शून्य. आणि नियम काय म्हणतो? किमान चाळीस गुणांची वाढ झाल्याशिवाय व्यक्तिमत्त्व विकास पूर्तता प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय प्रयोगशाळेत प्रवेश नाही. तुझा विकासच झाला नाही बाई. संगणक म्हणतो, वाढीस वाव नाही."

"मॅडम, मंग दुसऱ्या फारमात एकशेचाळीस टाका ना."

शरयू मॅडमनी माणुसकी म्हणून तेही करून पाहिले. संगणकाने शंभरच्या वरची प्रेरणा घेतली नाही.

"मंग पह्यल्यात कमी करा."

"ते समन्वयकांच्या अधिकारात आहे. मुळे सरांकडे जा."

लक्ष्मीकांत मुळे सर वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. तरुणपणी त्यांनी बुरशीवर प्रबंध लिहिला होता आणि एका बुरशीसाठी ज्ञानगंगेच्या जंगलात चार पावसाळे काढले होते. आता ते प्रेरणा समन्वयक होते. त्यांच्या टेबलावर आलेखांची चळत होती आणि डिसेंबरात मूल्यांकनाला समिती येणार, या धास्तीने त्यांना रोज आम्लपित्त होत असे. संजीवनीने त्यांना सगळे सांगितले. बोलता बोलता भुरीचेही सांगितले, आणि विचारले, "सर, ते पूड जितीच असते ना?"

मुळे सरांच्या हातातला पेन थांबला. "जिवंत? अगं, त्या पांढऱ्या पुडीत बुरशीचे धागे असतात. ते पानाच्या पेशीत चोच खुपसावी तसे..." सर खुर्चीतून अर्धे उठले. दहा वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. प्राचार्यांना आलेख निळ्याऐवजी हिरव्या रंगात हवा होता. सर पुन्हा खाली बसले.

"हे बघ, आधी कागद पूर्ण करू, मग आपण यावर बोलू. तू 'प्रेरणा-घट' अर्ज कर. प्रवेशाच्या वेळी तुझी प्रेरणा प्रत्यक्षात कमी होती आणि तू ती अनवधानाने जास्त लिहिलीस, असा. सोबत वडिलांचं प्रतिज्ञापत्र लाव."

म्हणून मिरचीचा तोडा सोडून रंगराव बुलढाण्याला आले. त्यांनी स्वच्छ पांढरा सदरा घातला होता आणि पोरीने कॉलेजात काहीतरी भानगड केली आहे अशी त्यांची समजूत होती. मुळे सरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि प्रकरण समजावून सांगितले. रंगरावांनी ते दोनदा ऐकले.

"म्हंजे साहेब, पोरीले शिकाची आवड हाये, म्हनून तुमी तिले शिकू देऊन नाई राह्यले?"

"तसं नाही हो. तिला आवड नव्हती असं तुम्ही लिहून द्या. म्हणजे ती आम्ही लावली, असं आम्हाला लिहिता येईल."

"पन तुमी लावली कुठं? ते तं घरूनच घेऊन आली."

"रंगराव, घरून आणलेली प्रेरणा आमच्या रकान्यात बसत नाही."

अर्ज परत येणे म्हणजे काय, ते या माणसाला माहीत होते. त्यांनी प्रतिज्ञापत्र केले. 'माझी मुलगी संजीवनी हिला शिक्षणाची कोणतीही आवड नाही, लहानपणापासून नव्हती, आणि यापुढे निर्माण झाल्यास ती सर्वस्वी महाविद्यालयामुळे झाली असे समजावे,' असा मजकूर नोटरीने वाचून दाखवला. रंगरावांनी सही केली. आजवर त्यांनी बाजारात शिळी वांगीसुद्धा ताजी म्हणून विकली नव्हती. सही करताना त्यांनी पोरीकडे पाहिले नाही आणि परतीच्या बसमध्येही मोताळ्यापर्यंत खिडकीबाहेरच बघत बसले.

प्रतिज्ञापत्र प्रेरणा पडताळणी समितीपुढे गेले. समितीत तीन सदस्य होते आणि तज्ज्ञ म्हणून आल्हाद सर पुण्याहून दूरदृश्य प्रणालीवरून हजर होते. समितीने पुरावे तपासले. अर्जदार रोज पहिल्या बाकावर बसते. हजेरी पूर्ण आहे. तिने ग्रंथालयातून वनस्पतिरोगावरचे एक पुस्तक नेले आहे, जे गेल्या नऊ वर्षांत कोणी नेलेले नव्हते. सप्ताहात तिने जाहीर प्रश्न विचारला होता, आणि तो अर्थपूर्ण असल्याचे साक्षीदार सांगतात. सबब प्रतिज्ञापत्र वस्तुस्थितीशी विसंगत आहे. प्रेरणा कमी असल्याचा दाखला देता येत नाही. तथापि सहानुभूतीपूर्वक विचार करून अर्जदारास पंधरा दिवस निरीक्षणाखाली ठेवावे.

निरीक्षणाचे नियम सोपे होते. शेवटच्या बाकावर बसायचे. वर्गात दहा मिनिटे उशिरा यायचे. वही काढायची नाही. आणि प्रश्न विचारायचा नाही. वर्गात कॅमेरा होताच. तो परीक्षेतल्या कॉपीसाठी बसवला होता आणि परीक्षेच्या काळात बंद असे.

संजीवनीने मनाशी ठरवले, की पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. नाटक करायचे आणि प्रयोगशाळेत शिरायचे. पण चौथ्या दिवशी भौतिकशास्त्राच्या सरांनी फळ्यावर एक चिन्ह उलटे काढले आणि तिचा हात वर गेला. तिने नेला नाही, तो गेला. सरांनी चूक दुरुस्त केली आणि तिचे नाव समितीला कळवले. दिवस पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात झाली.

त्यानंतर ती हातांवर बसू लागली. दोन्ही तळवे मांडीखाली दाबून. शेजारी दीपमाला असे. तिने आपला मोबाइल बाकाखालून पुढे केला.

"हे पाहत जाय. डोकं बंद होते आपोआप."

पहिले काही दिवस डोके बंद होईना. तळवे दुखत. प्रकाशसंश्लेषणाचा तास चालू असला की प्रश्न ओठावर येई आणि ती तो गिळून टाकी. मग मोबाइलमध्ये एक बाई साडी नेसण्याच्या अकरा पद्धती दाखवू लागली. मग एक माणूस दगडाने नारळ फोडू लागला. अकराव्या दिवशी संजीवनीच्या लक्षात आले, की हात मांडीखाली नाहीत, बाकावर मोकळे पडले आहेत, आणि कुठेही जात नाहीत. बाराव्या दिवशी तिला बसमध्ये झोप लागली. तिला स्वतःला हे सगळे सोयीचेच वाटले. मला मात्र ते सांगताना वाईट वाटते, आणि व्यंगकथेत वाईट वाटू नये असा नियम असेल तर तो मी मोडतो आहे.

सोळाव्या दिवशी दाखला मिळाला. 'प्रमाणित करण्यात येते की कु. संजीवनी हिची प्रेरणा तपासणीअंती समाधानकारकरीत्या कमी आढळली.' सुधारित 'प्रे-१' मध्ये तिला शंभरपैकी नऊ गुण बसले. 'प्रे-२' मध्ये आधीचे शंभर होतेच. वाढ झाली एक्याण्णव. शरयू मॅडमनी आकडा दोनदा तपासला आणि प्राचार्यांना फोन लावला. एवढी वाढ महाविद्यालयात कधी कोणाची झाली नव्हती.

डिसेंबरात मूल्यांकन समिती आली. हिरव्या आलेखात संजीवनीची रेघ इतकी उभी होती, की तिच्यासाठी वेगळा फलक लागला. तिला व्यासपीठावर बोलावले. भाषण आल्हाद सरांनी लिहून पाठवले होते आणि ते तिने न अडखळता म्हटले.

"मी खेड्यातून आले तेव्हा शून्य होते. मला कशाचीच आवड नव्हती. माझ्या घरच्यांनाही शिक्षणाचं महत्त्व माहीत नव्हतं. या महाविद्यालयाने माझ्यातली मी मला दाखवली. आज मी अभिमानाने म्हणते, मी करू शकते!"

सभागृह उठून उभे राहिले. तिसऱ्या रांगेत रंगराव बसले होते, तोच पांढरा सदरा घालून. आजूबाजूचे सगळे उठले म्हणून तेही उठले. कार्यक्रमानंतर समितीच्या अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय मग, मुलीत फरक पडला की नाही?"

"पडला साहेब," रंगराव म्हणाले. "पोरगी हुशार होती."

"आता झाली," अध्यक्षांनी दुरुस्ती केली आणि ते जेवायला गेले. महाविद्यालयाला वरची श्रेणी मिळाली.

मूल्यांकनासाठी रंग देऊन बंद ठेवलेली प्रयोगशाळा पुढच्या सोमवारी उघडली आणि संजीवनी पहिल्यांदा आत गेली. मुळे सर तिची वाट बघत होते. त्यांनी तीन महिने मनात तिच्या प्रश्नाचे कर्ज बाळगले होते. सकाळी लवकर येऊन, आपल्या परसातल्या वेलावरचे भुरी पडलेले पान आणून, त्यांनी स्वतः काच तयार केली होती, सूक्ष्मदर्शक पुसला होता, भिंग नेमके जुळवले होते. इतर मुलांना कांद्याची साल बघायची होती. हे फक्त तिच्यासाठी होते.

"ये. बघ," सर म्हणाले.

संजीवनीने नळीला डोळा लावला. आत लखलखीत धागे पसरलेले होते आणि धाग्यांवर मण्यांच्या माळा उभ्या होत्या. तिने बघितले. मग डोळा काढून सरळ उभी राहिली. सर तिच्या तोंडाकडे बघत होते. तिला प्रश्न पडला होता, हे त्यांना दिसले आणि त्यांचा जीव सुपाएवढा झाला.

"विचार ना," सर म्हणाले.

"सर, हे परीक्षेले येते का?"

"नाही. अभ्यासक्रमात नाही हे."

"मंग कांद्याची साल दाखवा सर. ते येते."

तिच्या भाषणाचा व्हिडिओ खूप चालला. तुम्हीही तो बघितला असेल. मागे संथ संगीत, खाली पिवळ्या अक्षरांत 'शून्यातून शिखराकडे', आणि सरतेशेवटी टाळ्या. तुम्हाला भरून आले आणि तुम्ही तो घरच्या ग्रुपवर टाकलात. वर लिहिलेत, 'बघा, शिका काहीतरी हिच्याकडून.' तुमची पोर तेव्हा शेजारीच बसली होती आणि मघापासून तुम्हाला काहीतरी विचारत होती. तुम्ही म्हणालात, थांब गं, आधी हे बघ. तिने बघितले. नंतर तिने काही विचारले नाही, आणि ती काय विचारत होती ते तुम्हीही तिला विचारले नाहीत.